वाळक्या काटक्यांतील सोयरे : अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांचे कुटुम-काटाम

आधुनिक भारतीय चित्रकलेचे प्रवर्तक म्हणून अवनींद्रनाथ टागोर यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. ‘भारतमाता’ हे चित्र, बंगाल शैली म्हणून ओळखली जाणारी चित्रपद्धती आणि नंदलाल बोस यांच्यासारखे शिष्य या तीन गोष्टी त्यांच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. मात्र या थोर चित्रकाराने आयुष्याच्या उत्तरार्धात रंग आणि कुंचला बराच काळ बाजूला ठेवून वाळलेल्या फांद्या, झाडांची मुळे, बांबूच्या गाठी, नारळाच्या करवंट्या आणि मोडक्या फळ्यांचे तुकडे यांतून असंख्य लहान लहान आकृती घडविल्या, ही गोष्ट बंगालबाहेर फारशी परिचित नाही. या आकृतींना त्यांनी ‘कुटुम-काटाम’ असे गमतीदार नाव दिले होते.

बंगालीत कुटुम म्हणजे सोयरा, नातलग. मराठीतील कुटुंब या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. काटाम हा शब्द सांगाड्याची, लाकडी ठाटाची आठवण करून देतो. थोडक्यात, कुटुम-काटाम म्हणजे लाकडाच्या सांगाड्यांतून भेटलेले सोयरे. वृक्षवेलींना सोयरे मानणाऱ्या तुकोबांच्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या चित्रांनी देशाच्या कलाजीवनाला दिशा दिली, त्या कलावंताने लोकांनी टाकून दिलेल्या काटक्यांमध्ये आपली माणसे का शोधली, याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमातच सापडते.

जोडासांको येथील बालपण

अवनींद्रनाथांचा जन्म ७ ऑगस्ट १८७१ रोजी कलकत्त्यातील जोडासांको भागात टागोर घराण्याच्या वाड्यात झाला. तो दिवस जन्माष्टमीचा होता. द्वारकानाथ टागोर हे त्यांचे पणजोबा. द्वारकानाथांचे पुत्र देवेंद्रनाथ यांच्या शाखेत रवींद्रनाथांचा जन्म झाला, तर गिरींद्रनाथ यांच्या शाखेत अवनींद्रनाथांचा. त्यामुळे रवींद्रनाथ हे अवनींद्रनाथांचे चुलत काका होते आणि वयाने दहा वर्षांनी मोठे होते. दोन्ही शाखांची घरे एकमेकांना लागून होती. देवेंद्रनाथांच्या घरात ब्राह्मो समाजाचे वातावरण होते, तर गिरींद्रनाथांच्या घरात पूजाअर्चा, व्रते आणि सणवार यांची जुनी परंपरा टिकून होती.

वडील गुणेंद्रनाथ यांना चित्रकलेची आवड होती आणि काही काळ त्यांनी सरकारी कलाशाळेत शिक्षणही घेतले होते. बागा फुलविणे, नाटके बसविणे, घर सजविणे यांत ते रमत. हुगळी नदीच्या काठी कोन्नगर येथे कुटुंबाची बाग आणि बंगला होता. तेथील मुक्कामात लहानग्या अवनींद्रनाथांनी प्रथमच बंगालचे खेडे जवळून पाहिले आणि झोपडीचे चित्र काढण्यास ते तेथेच शिकले. वडिलांचे १८८१ मध्ये अकाली निधन झाले, तेव्हा अवनींद्रनाथ अवघे दहा वर्षांचे होते. माता सौदामिनीदेवी यांनी पुढे मुलांचा सांभाळ केला. थोरले बंधू गगनेंद्रनाथ आणि धाकटी बहीण सुनयनीदेवी यांनीही पुढे चित्रकार म्हणून स्वतंत्र नाव कमावले.

शाळेशी मात्र अवनींद्रनाथांचे फारसे जमले नाही. नॉर्मल स्कूलमध्ये शिकत असताना पुडिंग या इंग्रजी शब्दाच्या उच्चारावरून शिक्षकांशी त्यांचा वाद झाला. घरात रोज कानावर पडणारा उच्चारच बरोबर आहे, असे सांगून ते मागे हटले नाहीत. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला आणि वडिलांनी त्यांचे नाव शाळेतून काढून घेतले. पुढे काही वर्षे संस्कृत कॉलेजमध्ये त्यांचे शिक्षण झाले. तथापि त्यांचे खरे शिक्षण वाड्यातील दालने, बाग, नोकरचाकर आणि घरातील स्त्रियांच्या तोंडच्या कथा यांतून झाले. एकट्याने बसून वस्तू न्याहाळण्याची बालपणीची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

शैलीचा शोध

अवनींद्रनाथांचा विवाह १८८९ मध्ये सुहासिनीदेवी यांच्याशी झाला. त्यानंतर त्यांनी चित्रकलेचे रीतसर धडे घेण्यास प्रारंभ केला. ओलिंतो गिलार्दी या इटालियन चित्रकाराकडून पेस्टलचे आणि चार्ल्स पामर या इंग्रज चित्रकाराकडून तैलरंगाचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. रवींद्रनाथांच्या ‘चित्रांगदा’ या काव्यनाट्यासाठी १८९२ मध्ये त्यांनी चित्रे काढून दिली. परंतु पाश्चात्त्य पद्धतीने काढलेल्या चित्रांतून आपल्या मनातील विषय व्यक्त होत नाहीत, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. वैष्णव काव्यातील अभिसारिका रंगवताना, थंडीच्या रात्री एखाद्या मडमेला साडी नेसवून बाहेर उभे केले असावे, असे ते चित्र त्यांनाच वाटू लागले.

याच सुमारास आयरिश पद्धतीने सजविलेली काही पृष्ठे आणि जुन्या भारतीय लघुचित्रांचा एक संग्रह त्यांच्या हाती आला. दोन दूरच्या देशांतील कारागिरांनी रेषा, सोने आणि रंग यांचा केलेला वापर पाहून त्यांना आपली वाट सापडली. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘कृष्णलीला’ ही चित्रमालिका पूर्ण केली. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य म्हणून १८९६ मध्ये आलेले ई. बी. हॅवेल यांनी या चित्रांचे महत्त्व ओळखले आणि मुघल चित्रकलेतील बारकाव्यांकडे त्यांचे लक्ष वेधले.

या काळात त्यांच्यावर एक मोठा आघात झाला. मुंबई-पुण्यात हाहाकार माजविणारी प्लेगची साथ कलकत्त्यातही पोहोचली आणि तिने त्यांच्या लहान मुलीचा बळी घेतला. आग्र्याच्या किल्ल्यातून ताजमहालाकडे पाहत अखेरचा श्वास घेणारा शाहजहान आणि त्याच्या पायाशी बसलेली त्याची कन्या हे त्यांचे गाजलेले चित्र त्या दुःखाच्या छायेत रंगविले गेले. दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनात त्या चित्राला रौप्यपदक मिळाले आणि अवनींद्रनाथांचे नाव सर्वत्र झाले.

जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांच्या भारतभेटीनंतर १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. ओल्या, रुंद कुंचल्याने कागदावर हात फिरवण्याची त्यांची पद्धत अवनींद्रनाथांनी बारकाईने पाहिली आणि तीत आपल्यापरीने बदल केले. रंगविलेला संपूर्ण कागदच पाण्यात बुडवून पुन्हा रंगविण्याची ही रीत पुढे ‘वॉश’ पद्धत म्हणून देशभर पसरली. धुक्यातून उमटल्यासारखे वाटणारे रंग हे त्यांच्या चित्रांचे वैशिष्ट्य ठरले.

गुरुपद आणि एक बेचैन रात्र

वंगभंगाच्या वर्षी, म्हणजे १९०५ मध्ये, अवनींद्रनाथांनी ‘भारतमाता’ हे चित्र काढले. भगव्या वस्त्रातील या चतुर्भुज देवीच्या हातांत शस्त्रे नाहीत. पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ यांतून विद्या, अन्न, वस्त्र आणि दीक्षा यांचा संकेत त्यांनी दिला. त्याच वर्षी ते सरकारी कलाशाळेचे उपप्राचार्य झाले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’ या संस्थेच्या उभारणीत गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ या बंधूंचा मोठा वाटा होता.

नंदलाल बोस, असितकुमार हालदार, क्षितींद्रनाथ मजुमदार, म्हैसूरचे के. वेंकटप्पा असे अनेक विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून अवनींद्रनाथांच्या काही शिष्यांना तेथे पाठविण्यात आले. नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजिंठ्याच्या गुंफांत बसून जी रेषा आत्मसात केली, तिचा प्रभाव पुढे शांतिनिकेतनच्या कलेवर दीर्घकाळ टिकला.

गुरू म्हणून अवनींद्रनाथांची दृष्टी स्पष्ट करणारा एक प्रसंग त्यांच्या आठवणींत नोंदला गेला आहे. नंदलालांनी तपश्चर्येस बसलेल्या उमेचे चित्र काढून गुरूंना दाखविले. चित्रात रंग फारच कमी आहे, उमेला थोडे सजवावे, अशी सूचना अवनींद्रनाथांनी केली. शिष्य ते चित्र घेऊन गेला. त्या रात्री मात्र गुरूंना झोप लागली नाही. नंदलालांना उमा जशी दिसली तशीच त्यांनी रंगविली असेल, तर तिच्यावर आपला रंग चढविण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, हा विचार त्यांना छळू लागला. पहाट होताच ते नंदलालांकडे धावले आणि चित्रास हात लावू नये, असे त्यांनी सांगितले. समोर जे स्वतःहून पूर्ण आहे त्यात ढवळाढवळ करू नये, हे त्या रात्रीने शिकविले. कुटुम-काटामच्या मागे हीच शिकवण आहे.

शिष्यांच्या बाबतीतही त्यांनी मालकी गाजविली नाही. सर्वांत लाडका शिष्य नंदलाल याची कलकत्त्यातील संस्थेस गरज असतानाही, अखेरीस रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातील कलाभवनासाठी त्यांनी त्यास मोकळे केले. कलकत्ता विद्यापीठात बागेश्वरी प्राध्यापक म्हणून त्यांनी १९२१ पासून १९२९ पर्यंत कलेवर व्याख्याने दिली. ‘बागेश्वरी शिल्प प्रबंधावली’ या नावाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली असून बंगाली कलाविचारात त्यांना मानाचे स्थान आहे.

मुलांसाठी लिहिणारा कलावंत

अवनींद्रनाथ लेखणीचेही तितकेच धनी होते. तोंडाने गोष्ट सांगतो तशीच ती लिहावी, हा रवींद्रनाथांचा सल्ला मानून त्यांनी १८९५ मध्ये ‘शकुंतला’ लिहिली. पाठोपाठ आलेली ‘क्षीरेर पुतुल’ ही खव्याच्या बाहुल्याची कथा रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांनी टिपून ठेवलेल्या एका लोककथेवर आधारलेली होती. राजपुतान्याच्या शौर्यकथा सांगणारी ‘राजकाहिनी’, बुद्धचरित्रावरील ‘नालक’, तसेच सेल्मा लागरलोफ या स्वीडिश लेखिकेच्या कथेला बंगालच्या भूमीत आणून बसविणारी ‘बुडो आंगला’ ही पुस्तके बंगालमधील अनेक पिढ्यांनी वाचली आहेत.

‘बांगलार व्रत’ या १९१९ च्या पुस्तकात त्यांनी बंगाली स्त्रियांची व्रते आणि त्या वेळी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काढली जाणारी अल्पना यांचा अभ्यास मांडला. कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या स्त्रिया बोटांच्या टोकांनी जमिनीवर धान्याची कोठारे, होड्या, पक्षी आणि वेली उमटवितात, त्यामागे इच्छा आणि श्रद्धा यांची शक्ती असते, हे त्यांनी दाखवून दिले. महाराष्ट्रातील रांगोळीप्रमाणेच ही कलाही दुसऱ्या दिवशी पुसली जाते, ती विकली जात नाही आणि तिच्यावर कोणाची सही नसते. स्वतःच्या सहीला देशभर किंमत असताना अवनींद्रनाथांनी या निनावी कलेकडे इतक्या आदराने पाहिले.

कुंचला बाजूला ठेवला

१९३० मध्ये अवनींद्रनाथांनी अरेबियन नाइट्सवर चित्रांची एक मोठी मालिका पूर्ण केली. बगदादच्या कथा त्यांनी आपल्या परिचयाच्या कलकत्त्यातील गल्ल्या, दुकाने आणि माणसे यांच्यामध्ये आणून बसविल्या. अनेक अभ्यासक ही मालिका त्यांच्या प्रतिभेचे शिखर मानतात. त्यानंतर मात्र काही वर्षे त्यांनी चित्रे काढणे जवळजवळ थांबविले.

त्याच वर्षी पक्षाघाताने गगनेंद्रनाथांचा कुंचला कायमचा थांबला. जोडासांको येथील घराच्या दक्षिणेकडील व्हरांड्यात दोघे भाऊ वर्षानुवर्षे शेजारी बसून चित्रे काढीत असत. त्या व्हरांड्यातील एक जागा आता मुकी झाली. दुसरीकडे, अवनींद्रनाथांनी घडविलेली शैली देशभर पसरली होती आणि अनेकांच्या हाती तिचा साचा बनला होता. धूसर रंग आणि पौराणिक विषय घेतले की चित्र भारतीय झाले, अशी समजूत रूढ होऊ लागली होती. स्वतः अवनींद्रनाथ मात्र कोणत्याही साच्यात, अगदी स्वतःच्याही साच्यात, राहण्यास तयार नव्हते.

साठी ओलांडलेला हा कलावंत लोकनाट्याच्या धर्तीवर मुलांसाठी पाला लिहू लागला. रामायणाची कथा विनोदाने सांगणाऱ्या ‘खुद्दुर यात्रा’ या त्यांच्या हस्तलिखितात तर वर्तमानपत्रे आणि जाहिराती यांतून कापलेली चित्रे मजकुराशेजारी चिकटविलेली आहेत. रद्दीत जाणाऱ्या कागदांतून त्यांनी रामायणातील पात्रे उभी केली. हे हस्तलिखित अनेक दशके अप्रकाशित राहिले आणि मूळ स्वरूपात छापून येण्यास २१ वे शतक उजाडावे लागले. कागदाच्या बाबतीत जे या वहीत घडले, तेच लाकडाच्या बाबतीत कुटुम-काटाममध्ये घडले.

कुटुम-काटामचे जग

कुटुम-काटामसाठी लागणारे साहित्य कोणत्याही दुकानात मिळणारे नव्हते. बागेत गळून पडलेली फांदी, मातीतून उघडे पडलेले मूळ, वाकडी काटकी, बांबूची गाठ, झाडाची साल, करवंटी, खोक्याची फळी, अशा वस्तू अवनींद्रनाथ वेचून आणत. घरात ज्यांना केरात टाकले जाई, त्यांना त्यांच्याजवळ जागा मिळे. ती वस्तू हातात घेऊन ते तिला उलटसुलट फिरवीत, उभी करीत, आडवी ठेवीत. एका बाजूने केवळ काटकी वाटणारी वस्तू दुसऱ्या बाजूने मान वळवून पाहणारा पक्षी होई. मुळाचा पीळ चालत्या जनावराचे पाय होई. फांदीच्या बेचक्यात कंबरेत वाकलेले एखादे म्हातारे माणूस दिसू लागे.

यापुढील काम थोडेच असे. मूर्तिकार दगडातून नको असलेला भाग काढून टाकतो आणि कुंभार चिखलाला हवा तो आकार देतो. कुटुम-काटाममध्ये या दोन्ही रीती नाहीत. येथे लाकडाला नवा आकार दिला जात नाही. त्यात आधीपासूनच असलेला आकार ओळखला जातो. एखादी सूक्ष्म काटछाट, एखादा जोडतुकडा, उभे राहण्यासाठी लहानसा आधार, इतकाच हस्तक्षेप ते करीत. सालीचा खडबडीतपणा, गाठी आणि भेगा ते तशाच ठेवीत. त्यामुळे तयार झालेली आकृती पक्षी असूनही काटकी राहते आणि काटकी असूनही पक्षी दिसते. पाहणाऱ्याला होणारा आनंद या दुहेरी ओळखीचा असतो.

हे काम वरवर सोपे वाटते. परंतु त्यासाठी लागणारी नजर एका दिवसात तयार होत नाही. पन्नास वर्षे रेषेची उपासना केलेल्या कलावंतालाच मुळाच्या एका वळणात प्राण्याची संपूर्ण चाल दिसू शकते. आणि तरीही त्या नजरेत पांडित्याचा लवलेश नाही. काठीला घोडा मानणाऱ्या मुलाजवळ जी दृष्टी असते, तीच येथे आहे. मोठेपणी बहुतेक माणसे ती हरवून बसतात. अवनींद्रनाथांनी ती मुलांबरोबर राहून जपली. नातवंडे आणि घरातील इतर मुले हेच या आकृतींचे पहिले प्रेक्षक आणि खेळगडी होते. प्रत्येक आकृतीभोवती एखादी गोष्ट गुंफली जाई.

कुटुम-काटाम विक्रीसाठी कधीच नव्हते. मान्यवर चित्रकाराची कलाकृती म्हणून त्यांना मोल मिळू शकले असते. परंतु ही नाती आहेत, माल नव्हे, ही भावना त्यांच्या नावातच होती. अनेक आकृती त्यांनी मुलांना आणि स्नेह्यांना सहज देऊन टाकल्या. निसर्गाकडून फुकट मिळालेली वस्तू आनंदाची भर घालून दुसऱ्याला फुकट द्यावी, असा हा साधा व्यवहार होता. काही समकालीनांना हा वृद्धापकाळातील वेळ घालविण्याचा छंद वाटला. आज मागे वळून पाहताना मात्र त्यांच्या समग्र कलाविचाराचा तो स्वाभाविक शेवट होता, असे दिसते. उमेच्या चित्राला हात लावू नये म्हणून पहाटे धावत गेलेला गुरू येथे एका काटकीच्याही स्वत्वाचा मान राखताना आढळतो.

वियोगाची वर्षे

१९३८ मध्ये गगनेंद्रनाथांचे निधन झाले. त्याच सुमारास अवनींद्रनाथांनी पुन्हा कुंचला हाती घेऊन ‘कविकंकण चंडी’ आणि ‘कृष्णमंगल’ या मालिका केल्या. मंगलकाव्यांतील या चित्रांत बंगालच्या लोककलेची आणि खेळण्यांची छाया स्पष्ट दिसते. लाकडात प्राणी शोधणाऱ्या नजरेने आता रंगांतही नवी मोकळीक आणली होती.

१९४१ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण ठरले. राणी चंदा यांनी त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेल्या ‘घरोया’ या आठवणींचे हस्तलिखित आजारी रवींद्रनाथांनी वाचले आणि त्यांना अतिशय आनंद झाला. अवनींद्रनाथांना सत्तर वर्षे पूर्ण होत असल्याने देशाने त्यांचा सत्कार करावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. सन्मानसमारंभांपासून दूर राहणाऱ्या अवनींद्रनाथांनी प्रथम त्यास नकार दिला. नंतर काकांच्या शब्दाखातर त्यांनी संमती दिली. परंतु ७ ऑगस्ट १९४१ रोजी, नेमक्या अवनींद्रनाथांच्या सत्तराव्या वाढदिवशी, रवींद्रनाथांनी जोडासांको येथे देह ठेवला.

त्याच वर्षी आर्थिक अडचणींमुळे अवनींद्रनाथांच्या कुटुंबाला जोडासांको येथील पिढीजात घर सोडावे लागले. ज्या व्हरांड्यात भावांची चित्रे जन्मली, शिष्य घडले आणि मुलांना गोष्टी सांगितल्या गेल्या, तो परका झाला. पुढे ते घर पाडण्यात आले. कुटुंब कलकत्त्याच्या उत्तरेस बरानगर येथील ‘गुप्त निवास’ या बागेतील घरात राहावयास गेले. सुहासिनीदेवीही फार काळ सोबत राहिल्या नाहीत.

बरानगरच्या या घराला झाडांची सोबत होती. बंधू, काका, पत्नी आणि जन्मघर यांना मुकलेला हा वृद्ध कलावंत तेथे पडलेल्या फांद्या वेचीत राहिला. हातून सुटलेल्या नातलगांची उणीव काटक्या भरून काढू शकत नाहीत, हे त्यांच्यासारख्या संवेदनशील माणसाला ठाऊक नसेल, असे कसे म्हणता येईल? तरीही त्यांनी या आकृतींना सोयरे म्हटले आणि त्यांच्यात दुःखाचा सूर उमटू दिला नाही. कुटुम-काटाममध्ये मिस्कीलपणा आहे, जिव्हाळा आहे, चालण्या-उडण्याची हौस आहे. शोक वाट्याला आलेल्या माणसाने इतरांना आनंदच वाटावा, यात त्यांच्या मनाचे औदार्य दिसते.

रवींद्रनाथांच्या पश्चात १९४२ मध्ये विश्वभारतीचे आचार्यपद अवनींद्रनाथांकडे आले. त्या निमित्ताने शांतिनिकेतनात त्यांचा वावर वाढला. कलाभवनातील विद्यार्थ्यांसाठी ते गुरूंचे गुरू होते. राणी चंदा यांनी शब्दबद्ध केलेले ‘जोडासांकोर धारे’ हे आठवणींचे दुसरे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अवनींद्रनाथांची जीवनयात्रा संपली.

वारसा

जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७१ मध्ये, भारतीय टपाल खात्याने अवनींद्रनाथांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुरातन वस्तू व कलानिधी यांच्या संरक्षणासाठी १९७२ मध्ये झालेल्या कायद्याच्या आधारे ज्या मोजक्या चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्या, त्यांत अवनींद्रनाथांचा समावेश आहे. या कृती देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह रवींद्र भारती सोसायटीकडे आहे. हा संग्रह दीर्घकाळ लोकांच्या दृष्टीआड राहिला. अभ्यासक आर. शिवकुमार यांचा अवनींद्रनाथांच्या चित्रांवरील बृहद्ग्रंथ २००९ मध्ये प्रकाशित झाल्यानंतर त्यांच्या चित्रकलेचा विस्तार प्रथमच सलगपणे वाचकांसमोर आला.

कुटुम-काटामचे भाग्य मात्र वेगळे आहे. त्यांतील काही आकृती संग्रहांमध्ये सुरक्षित आहेत. परंतु वाळके लाकूड ही नाजूक वस्तू आहे. वाळवी, दमट हवा आणि काळ यांपुढे तिचा टिकाव लागणे कठीण. मुलांच्या हाती गेलेली खेळणी तर खेळून झिजण्यासाठीच असतात. काही आकृती ज्या मातीतून आल्या त्या मातीत परत गेल्या असतील, तर ती हानी आहेच. मात्र त्या नष्ट होण्यापूर्वी मुलांच्या हाताळणीत राहिल्या, हेच त्यांच्या निर्मात्याला अभिप्रेत होते.

बाजारातील खेळण्यांनी घरे भरलेल्या आजच्या काळात या वारशाचे मोल वेगळ्या प्रकारे जाणवते. खेळण्यासाठी, घडविण्यासाठी आणि कोणाला काही देण्यासाठी पैशांची गरज असतेच असे नाही, हे अवनींद्रनाथांनी कृतीने दाखविले. त्यासाठी लागते ती थांबून पाहण्याची तयारी आणि पायाखालच्या क्षुल्लक वस्तूलाही आपले म्हणण्याचे मन. ‘भारतमाता’ रंगविणाऱ्या कलावंताचे ऋण देशाने वेळोवेळी मान्य केले आहे. वाळक्या काटक्यांना सोयरे मानून मुलांच्या हाती आनंद देणाऱ्या आजोबांचे ऋणही तितकेच मोठे आहे. त्या ऋणाचे स्मरण ठेवून अवनींद्रनाथ टागोर यांना कृतज्ञतापूर्वक अभिवादन.